गोंदण जागेवर आहे

[पडद्यावर: हनुवटीवरचा हिरवट ठिपका. कॅमेरा हळूहळू मागे येतो, चेहरा दिसू लागतो.]

हा ठिपका माझ्या आजीच्या हनुवटीवर साठेक वर्षांहून जास्त काळ आहे. तसाच एक कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध. तिसरा अगदी बारीक, उजव्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली. जत्रेत एका गोंदणारणीनं सुया एकत्र बांधून, काजळी लावून तो टोचला होता. आजी तेव्हा किती वर्षांची होती ते कुणालाच सांगता येत नाही. "परकरात होते," एवढंच ती सांगते.

आजोबा गेले तेव्हा तिचं कुंकू पुसलं गेलं, बांगड्या गेल्या, जोडवी गेली. गोंदण राहिलं. ते कसं टिकतं हे बीडच्या माणसाला चटकन कळेल. गोंदणाचे कण कातडीच्या आतल्या थरातल्या पेशी गिळतात आणि धरून ठेवतात. ती पेशी मेली की कण सुटतात, आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या शेपट्या गोंदवून हे दाखवून दिलं. आपल्याकडं ऊसतोडीचा मुकादम बदलला तरी उचल, म्हणजे आगाऊ घेतलेला पैसा, फिटत नाही, ती दुसऱ्या वहीत जाते. तसंच आहे हे.

या गोंदणाच्या मदतीनं मला एक गोष्ट मोजायची होती. बाईचा चेहरा वयानुसार बदलतो म्हणजे नक्की काय बदलतं, कुठं आणि किती?

[पडद्यावर: जुना कृष्णधवल फोटो. मागे रंगवलेला पडदा, कारंजं आणि कमान. पुढे एक तरुण जोडपं.]

हा फोटो परळीच्या जत्रेतला. महाशिवरात्रीला वैजनाथाच्या दर्शनाला गेले होते, तेव्हा तंबूतल्या फोटोवाल्यानं काढलेला. दुसरा फोटो मतदार ओळखपत्रावरचा, नव्वदच्या दशकातला. तिसरा मी गेल्या महिन्यात ओसरीवर काढला.

तिसऱ्या फोटोलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. मोबाइल तोंडाजवळ धरून काढलेला फोटो मोजमापाच्या कामाचा नसतो. कॅमेऱ्याजवळ असलेली वस्तू मोठी दिसते आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढे नाक असतं. फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास तीस टक्के रुंद दिसतं, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये गणित मांडून दाखवलं. सेल्फी बघून नाकाचं ऑपरेशन करून मागणारे लोक येऊ लागले होते, म्हणून त्यांनी ते गणित केलं. तर मी सहा फुटांवर तिपाई लावली, जमिनीवर खडूनं फुली मारली आणि आजीला स्टुलावर बसवलं.

मान कशी ठेवायची याचाही नियम आहे. १८८४ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टला मानवशास्त्रज्ञ जमले होते, तिथं तो ठरला. कानाच्या भोकाचा वरचा काठ आणि डोळ्याच्या खोबणीचा खालचा काठ एका आडव्या रेषेत आले पाहिजेत. आजही तोच पाळतात. मी आजीची हनुवटी वर, खाली, परत वर केली. पाचव्या वेळी ती म्हणाली,

"फोटू काढायलीस का मुंडकं मोजायलीस?"

दोन्ही, आजी.

आता जुन्या फोटोवर पट्टी कशी लावायची? फोटो केवढा मोठा करून छापला, कॅमेरा किती लांब होता, कशाचाच पत्ता नाही. इथं डोळा कामाला येतो. मोठ्या माणसाच्या बुबुळाची रुंदी साधारण पावणेबारा मिलिमीटर असते, आणि ती माणसागणिक फारच थोडी बदलते. म्हणजे प्रत्येक फोटोत एक पट्टी आधीच छापलेली असते. ही युक्ती कळल्यावर मी खूश झाले आणि लगेच तोंडावर पडले. जत्रेतला फोटो स्कॅन केल्यावर आजीचं अख्खं बुबुळ नऊ पिक्सेलांत बसलं. एका पिक्सेलची चूक झाली तर मोजमाप दहा टक्क्यांहून जास्त चुकणार. मग बुबुळाचा नाद सोडला आणि दोन बुबुळांच्या मधलं अंतर धरलं. वाढ पूर्ण झाली की तेही जवळपास तेवढंच राहतं, शिवाय लांबीनं मोठं, त्यामुळं चूक कमी. मिलिमीटर मिळत नाहीत, पण हे अंतर त्या अंतराच्या किती पट, हे कळतं. मला तेवढं पुरे होतं.

[पडद्यावर: तिन्ही फोटो शेजारी शेजारी. तीन ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा.]

आधी गालावरचा ठिपका बघा. सगळ्यांना वाटतं की म्हातारपणी तोंड खाली ओघळतं. मग हा ठिपकाही डोळ्यापासून खाली सरकायला हवा होता. तो सरकलेला नाही. डोळ्याच्या कोपऱ्यापासून जिथं होता तिथंच आहे, फक्त जरा पसरलाय.

हे बघून मी दचकले होते, पण अमेरिकेतल्या व्हॅल लँब्रॉस नावाच्या प्लास्टिक सर्जननं हेच आधी बघून ठेवलंय. त्यांनी एकाच माणसाचे दहा ते पन्नास वर्षांच्या अंतरानं काढलेले फोटो एकावर एक ठेवले. गोंदण नव्हतं, म्हणून तीळ आणि डाग धरले. २००७ मध्ये त्यांनी छापलं की पापणी आणि गाल जिथं मिळतात तिथले तीळ वर्षानुवर्षं जागेवरच असतात. कातडी घसरते असं आपल्याला वाटतं, त्यातलं बरंचसं आतली चरबी आणि आधार कमी झाल्यानं होतं. उजेड-सावली बदलते आणि डोळा फसतो.

आता कपाळ ते हनुवटी. जत्रेच्या फोटोत हे अंतर दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या सुमारे पावणेदोन पट भरलं. गेल्या महिन्यात जेमतेम दीडपट. बरं, जत्रेच्या फोटोत आजी लाजून खाली बघतेय. मान खाली असली की चेहरा उभ्यात आखूड दिसतो. म्हणजे तेव्हाचं खरं अंतर याहून थोडं जास्तच असणार.

कातडी जागेवर आहे आणि तोंड आखूड झालंय. मग कमी काय झालं?

हाड.

[पडद्यावर: संगणकावर कवटीची त्रिमित आकृती फिरते आहे.]

कवटी आतून बघायला सीटी स्कॅन लागतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी हे यंत्र बनवलं आणि १९७९ चं नोबेल घेतलं. त्यांच्या नावानं एक मोजपट्टी आहे. पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, आणि घट्ट हाड हजाराच्या घरात. त्यामुळं चरबी कुठं संपली आणि हाड कुठं सुरू झालं ते आकड्यांवरून वेगळं काढता येतं. धडधाकट माणसाला केवळ उत्सुकतेपोटी यात घालायचं नसतं, कारण क्ष-किरणं अंगावर घ्यावी लागतात. असे अभ्यास बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणानं काढून ठेवलेल्या स्कॅनवर होतात. आजीचाही स्कॅन मी काढलेला नाही. पडद्यावर दिसतेय ती नुसती नमुन्याची आकृती.

२०११ मध्ये अमेरिकेत असाच एक अभ्यास छापून आला. साठ बायका आणि साठ पुरुष, तरुण, मधल्या आणि उतारवयाच्या गटांत वाटलेले. त्यांना दिसलं की वयाबरोबर डोळ्याच्या खोबण्या रुंद होतात. नाकाचं हाडातलं भोक मोठं होतं. गालाखालचा वरचा जबडा मागे जातो. खालच्या जबड्याची उंची आणि लांबी घटते, आणि कानाखालचा त्याचा कोन उघडत जातो.

माळवदाच्या घरात वाढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. आमच्या जुन्या घराची तुळई एका बाजूला दबली होती. भिंतीवरचा पांढऱ्या मातीचा पोतेरा दर दिवाळीला फुगायचा आणि चुलती दर दिवाळीला तो परत सारवायची. पोतेऱ्यात काही खोट नव्हती.

जबड्याच्या बाबतीत आजीचं अजून एक कारण आहे. तिला दात नाहीत. मिश्री. भाजलेली तंबाखू बोटावर घेऊन सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावायची, आधी दात दुखतो म्हणून, मग सवय म्हणून. चाळीशीतच तिचे दात हलायला लागले. दात गेला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजतं. आन्त्ये टालग्रेन यांनी कवळी लावणाऱ्या लोकांचा पंचवीस वर्षं पाठपुरावा केला आणि दाखवलं की खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. तो अभ्यास १९७२ मध्ये छापला गेला. त्याच साली आजी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती.

[पडद्यावर: आधार कार्डाचा काही भाग. जन्मतारखेवर कॅमेरा.]

इथं माझं गणित अडलं. आलेख काढायचा तर उभ्या रेषेवर चेहरा येतो आणि आडव्या रेषेवर वय.

आधार कार्डावर आजीची जन्मतारीख एक जानेवारी आहे. आमच्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जानेवारीलाच असतो आणि शाळेत गेलेल्यांचा एक जूनला. साल लिहिलंय १९५४. पण आजीची आई तिला सांगायची, "रझाकारात पळापळ झाली तवा तू कडंवर होतीस." निजामाच्या राज्यावरची पोलीस ॲक्शन झाली सप्टेंबर १९४८ मध्ये. कडेवर होती म्हणजे वर्ष-दीड वर्षाची. कार्ड आणि पणजी यांच्यात सात वर्षांचा फरक पडतो. मला पणजीचं खरं वाटतं.

आणि समजा वय नक्की असतं, तरी एक घोळ उरतोच. बहुतेक अभ्यासांत आज पंचवीस वर्षांच्या असलेल्या बायका आणि आज सत्तरीत असलेल्या दुसऱ्या बायका शेजारी ठेवतात, आणि फरक वयामुळं पडला असं म्हणतात. पण आजची सत्तरीची बाई म्हणजे पंचवीस वर्षांच्या पोरीचं पुढचं रूप नव्हे. ती ऐन तरुणपणी दुष्काळातली सुकडी खाऊन राहिलेली आहे. तिचं हाड मुळात किती भरलं होतं हे आपल्याला ठाऊक नाही. एकाच बाईचे पन्नास वर्षांचे फोटो मिळणं म्हणून मोलाचं असतं, आणि मराठवाड्यात ते मिळत नाहीत. आजीच्या बहिणीचं घर किल्लारीकडं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात ते पडलं. ती वाचली. फोटोंची ट्रंक सापडली नाही.

[पडद्यावर: ठिपक्यांची रांगोळी. त्यावर हळूहळू चेहऱ्याची रेषाकृती उमटते.]

मग एक अभ्यास हाती लागला आणि आडव्या रेषेवर काय टाकायचं ते कळलं.

व्हिएन्ना विद्यापीठात सोन्या विंडहागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. सव्वीस ते नव्वद वयाच्या ८८ युरोपीय लोकांच्या चेहऱ्यांचे त्रिमित स्कॅन. यात क्ष-किरणं नसतात, चेहऱ्याचा फक्त पृष्ठभाग टिपला जातो. प्रत्येक चेहऱ्यावर ५८५ ठिपके. डोळ्यांचे कोपरे, ओठांच्या कडा, नाकाचा शेंडा हे पक्के, आणि त्यांच्या मधल्या वळणांवर बाकीचे. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. ठिपके सगळ्या चेहऱ्यांना तेवढेच. आता सगळ्या रांगोळ्या एकाच आकाराच्या करायच्या, एकाच जागी आणायच्या, एकाच दिशेला फिरवायच्या. एवढं करूनही जो फरक उरतो तो चेहऱ्याच्या घडणीचा.

त्यांना दिसलं की पन्नाशीपर्यंत बाई आणि पुरुष जवळपास एकाच वाटेनं म्हातारे होतात. चेहरा चपटा होत जातो, नाकापासून ओठांपर्यंतच्या घड्या खोल होतात, ओठ पातळ होतात, डोळ्यांचा दिसणारा भाग लहान होतो, नाक आणि कान लांबतात. पन्नाशीनंतर पुरुष त्याच वाटेनं सरळ पुढे जातो. बाईची वाट एकदम वळते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिच्या चेहऱ्याचा बदलण्याचा वेग पुरुषाच्या तिप्पटही होतो.

आणि मला हवं ते पुढे होतं. पाळी गेलेल्या बाईचा चेहरा किती बदललाय याचा सगळ्यात चांगला अंदाज तिच्या जन्मतारखेवरून येत नाही. शेवटची पाळी येऊन किती वर्षं झाली, त्यावरून येतो. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाडाची झीज आवरून धरतं. ते कमी झालं की हाड विरत जातं. त्यांनी या बदलाचा मोठा वाटा खालच्या जबड्याच्या झिजेलाच दिला होता. कातडीचंही तेच. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत तिच्यातलं कोलॅजेन, म्हणजे कातडीला घट्ट धरणारं प्रथिन, तीसेक टक्क्यांनी घटतं.

जन्माचं साल आमच्याकडं कुणाला माहीत नसतं. पाळीचं साल बायकांना पक्कं ठाऊक असतं.

[पडद्यावर: चूल. भाकरी थापणारे हात. चेहरा दिसत नाही.]

ही माझी चुलती. आजीची सून. बावन्न-त्रेपन्न वर्षांची असेल. बाजारात दोघी शेजारी बसल्या तर अनोळखी माणूस विचारतो, "जावा-जावा का तुम्ही?" चुलती हसते. आजीला राग येतो.

काका-काकू वीसेक हंगाम ऊसतोडीला गेले. दसरा झाला की टोळी निघायची, उन्हाळा तोंडावर आला की परत यायची. हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रकवर चढवते. एक दिवस चुकला की खाडा, वर दंड. पाळीच्या चार दिवसांत फडात ना आडोसा ना पाणी. त्यात अंगावरून पांढरं जायला लागलं, कंबर धरली. खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. कुठला दवाखाना, ते सोडा. काकूला तेव्हा तिशीही लागली नव्हती. दोन लेकरं झालेली.

"दर महिन्याची कटकट गेली, खाडे वाचले," ती मला म्हणाली. मग चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, "पर कंबर काय राहिली न्हाई बाई."

ती एकटी नाही. बातम्या बाहेर आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहा जणींमागे एक.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण यात बऱ्याच जणांची गल्लत होते. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशयं शाबूत असतील तर इस्ट्रोजेन येत राहतं, फक्त सरासरीनं काही वर्षं आधी आटतं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर ते एका रात्रीत थांबतं, वय अठ्ठावीस असो की अठ्ठेचाळीस. काकूचं काय काढलं? तिला माहीत नाही. कागद दिला नव्हता. सोनोग्राफी केली तर कदाचित कळेल. तिनं केलेली नाही आणि करूही म्हणत नाही.

म्हणून माझ्या आलेखावर काकूचा ठिपका मी टाकू शकत नाही. तिचा चेहरा मोजता आला, साल माहीत आहे, पण त्या सालापासून मोजायचं की नाही हे ठरत नाही. शिवाय तिच्या तोंडावर वीस हंगामांचं ऊन आहे. ऊन काय करतं याचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र एका ट्रक ड्रायव्हरचं आहे. २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापलेलं. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली, काचेतून येणारी अतिनील किरणं एकाच गालावर पडली. तो गाल बऱ्याच मोठ्या वयाच्या माणसाचा वाटतो. काकूला दोन्ही गालांवर सारखंच ऊन लागलं, त्यामुळं ताडून बघायला दुसरा गाल नाही. आपल्या सावळ्या कातडीवर सुरकुती गोऱ्यांपेक्षा उशिरा येते आणि ऊन आधी वांग होऊन दिसतं, हाही फरक आहेच. ८८ युरोपीय चेहऱ्यांचं माप तिच्यावर किती बसतं, हे कुणीतरी इथं स्टुलं मांडून बघायला हवं. बीडमध्ये हजारो बायका आहेत.

काकूनं कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायला नाही म्हटलं. मोजून दिला, दाखवायचा नाही. म्हणून तुम्हाला तिचे हात दिसतायत.

[पडद्यावर: गावातलं सेवा केंद्र. टेबल, प्रिंटर, प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्चीत आजी.]

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी आजीचं पगाराचं काम निघालं. श्रावणबाळ योजनेच्या पैशाला इकडं पगारच म्हणतात. पासष्ट पूर्ण लागतात त्याला. कार्डावरचं साल खरं धरलं गेलं म्हणून तिला तो सात वर्षं उशिरा सुरू झाला, पण तो विषय तिच्यासमोर काढायचा नसतो.

केंद्रातल्या पोरानं आधी अंगठा लावून बघितला. मग पहिलं बोट, मधलं बोट, दुसरा हात. ठसे उठेनात. खडी, खुरपं, कोयता, राख. पोराला सवय होती. त्यानं मोबाइल उचलला आणि आजीच्या तोंडासमोर धरला, अगदी फूटभरावर. मी म्हणणार होते की जरा लांब धर. पडद्यावर एक गोल आला, गोलात आजीचा चेहरा, कपाळावरचा ठिपका बरोबर मधोमध. खाली अक्षरं उमटली. पोरानं मोठ्यानं वाचून दाखवलं,

"आज्जे, डोळे मिचकव."

आजीनं भुवया उचलल्या, बोटानं उजवी पापणी वर धरली आणि म्हणाली,

"आदी उघडू तर दे."